वालूर, येलदरी, सोनपेठ आणि मधलं एक गाव

"परभणीला? तिथं काय आहे?"

नाशकातून निघण्याआधी हा प्रश्न मला शेजारच्या काकूंनी विचारला, माझ्या क्लासातल्या मुलींच्या आयांनी विचारला आणि स्टेशनला सोडणाऱ्या रिक्षावाल्यानेही विचारला. त्याला मी म्हणाले, "माझे चार कार्यक्रम आहेत." त्याने आरशातून मागे बघितलं. "गाता का तुम्ही?"

नाही. मी ढोलकी वाजवते. शेजारी ढोलकीची पिशवी पडलेली असतानाही मला हे सांगावं लागतं. मग समोरचा माणूस आधी माझ्याकडे, मग पिशवीकडे आणि शेवटी माझ्या हातांकडे बघतो. पूर्वी मी हसून वेळ मारून न्यायचे. आता चाळिशी आली, आता हसत नाही.

मला बोलावलं होतं विमलताईंनी. त्या परभणीच्या. भीमगीतं, बुद्धगीतं, लग्नातली गाणी, बारशातले पाळणे असं सगळं गातात. दोन वर्षांपूर्वी नाशकात त्यांच्या एका कार्यक्रमाला मी ऐनवेळी साथ केली होती, तेवढीच ओळख. त्यांचा फोन आला. "ज्योती, आमचा ढोलकीवाला मोटरसायकलवरून पडला. हात प्लास्टरमधी हाय. शुक्कर, शनी, आयतवार, तिन्ही दिवस कार्यक्रम हायती. येतीस का? बाईमाणूस म्हणून इचारत न्हाई. वाजवणारी म्हणून इचारायलेय."

असं आमंत्रण मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

शुक्रवार : सेलू, वालूर

सकाळी सेलूला उतरले. जानेवारीचा शेवटचा आठवडा, फलाटावर अजून गारवा होता. एक उंच, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस सरळ माझ्याकडे आला, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जीपच्या पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा बांधला.

"आणि मी?"

"तुमी मागं बसा बाई. तुमाला हादरे बसले तर चालतेत. तिला न्हाई."

हे ख्वाजाभाई. विमलताईंच्या पार्टीची जीप चालवतात आणि बेंजोही वाजवतात. बेंजो म्हणजे तारांचं वाद्य, पण वर टाइपरायटरसारख्या चाव्या. आमच्याकडे तो बँडच्या गाडीवर तेवढा दिसतो. ख्वाजाभाई मात्र त्याच्यावर असा सूर लावतात की कुणीतरी नाकात गुणगुणतंय असं वाटतं. गाडी चालवतानाही त्यांची बोटं स्टेअरिंगवर चाव्या दाबत असतात.

विमलताई गाडीतच होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, ठसठशीत बांधा, पदर खोचलेला. "आलीस माय," एवढंच म्हणाल्या आणि हातात दशमीचा डबा दिला.

पेटीवाले सदाशिवमामा वाटेत त्यांच्या शेतातून चढणार होते. आम्ही पोचलो तेव्हा बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटलेली होती आणि मामी कणसं भाजत बसल्या होत्या. नाशिकजवळ हुरडा पार्ट्या असतात. तिथे कमानीवर फुगे बांधतात, स्पीकरवर गाणी असतात, मनगटाला कागदी पट्टी बांधतात. इथे मामींनी गरम कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून कूस उडवलं आणि हिरवे दाणे माझ्या ओंजळीत ओतले. बरोबर तिळाची चटणी आणि गुळाचा खडा. मी खात राहिले. थांबा म्हणायला तोंड रिकामं नव्हतं.

मामा जुन्या शेतकरी घराण्यातले. ते बौद्ध वस्त्यांमध्ये पेटी वाजवायला जातात हे त्यांच्या भावकीत कुणाला आवडत नाही. गाडीत मी विचारलं, "घरचे काही म्हणत नाहीत?"

"म्हणतेत की. तिकडं कामून जातूस, म्हणतेत. मी म्हणलं, तिकडं गाणं हाय. आपल्याकडं नुस्ता डीजे."

वालूर हे मोठं गाव. लग्नघरी सामान टाकलं आणि तास-दीड तास मोकळा होता म्हणून विमलताई मला बारव दाखवायला घेऊन गेल्या. गोदाकाठी मी पायऱ्यांमध्येच वाढले, पण अशा पायऱ्या पाहिल्या नव्हत्या. सरळ खाली न जाता त्या गोल फिरत, एकमेकींच्या पाठीमागून पाण्याकडे जात होत्या. मी खाली उतरून एक टाळी वाजवली. ती फिरत फिरत वर गेली. विमलताई वरून ओरडल्या, "आता पुरं कर. हळदीचा टाइम झाला."

हळद नवरदेवाकडची. अंगणात आमची सतरंजी होती आणि अंगणाबाहेर, बरोबर समोर, नवरदेवाच्या मित्रांनी आणलेली डीजेची गाडी. भिंतीएवढे खोके. आमचं पहिलं गाणं सुरू होताच तिकडून धडाका सुरू झाला. माझ्या ढोलकीची पुडी, तोंडावरचं कातडं, मी हात न लावता थरथरायला लागली. नवरदेवाची आत्या जाऊन सांगून आली. दोन मिनिटं आवाज उतरला आणि पुन्हा चढला. सदाशिवमामा म्हणाले, "थांबूत का जरा?"

"कायच्याला?" विमलताई म्हणाल्या. त्यांनी माइक खाली ठेवला, उठल्या आणि हळद लावायला बसलेल्या बायकांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी आवाज टाकला. मी ढोलकी उचलून त्यांच्या मागे गेले. बायकांनी आमच्याभोवती कडं केलं, मग दुसरं कडं. आतल्या बायका गात होत्या आणि बाहेरच्या डीजेकडे पाठ करून उभ्या होत्या. एका म्हातारीने माझ्या मनगटाला हळद फासली. "बाई वाजिवती व्हय गं!" ती शेजारणीला म्हणाली. "मंग आतापस्तोर आपुन कामून न्हाई वाजिवलं?"

शेवटी डीजेवाला पोरगा स्वतःच खाली उतरला आणि कड्याच्या फटीतून बघायला लागला. विमलताईंनी त्यानंतरही गाणं सोडलं नाही. पंगतीत येसर आमटी होती. आमच्याकडच्या लग्नात वरण असतं. ही तशी नाही, काळपट, खमंग, नाकातून पाणी काढणारी. मी तीन वाट्या प्यायले. विमलताईंनी मात्र घास घेतला आणि कपाळाला आठी घातली. घशाला झोंबलं होतं.

शनिवार : मधलं एक गाव

सकाळी विमलताईंचा आवाज गेलेला होता. बसला नव्हता, पार गेला होता. त्या ओठ हलवायच्या आणि नुसती हवा बाहेर यायची. आलं झालं, मध झाला, गरम पाणी झालं. शेवटी त्यांनी हातानेच खूण केली, चला.

कार्यक्रम जिंतूर तालुक्यातल्या एका गावात होता. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण सुशीलाबाईंना तिथेच राहायचं आहे. सुशीलाबाई म्हणजे गावातल्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिका. नोकरीची बहुतेक वर्षं याच शाळेत गेलेली, आणि आज शेवटचा दिवस. त्यांच्या वस्तीतल्या पोरांनी ठरवलं होतं की बाईंना शाळेपासून घरापर्यंत वाजतगाजत न्यायचं.

बाई ठेंगण्या होत्या. अंगावर मोरपंखी साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज. निरोपाची भाषणं झाली, पोरं रडली, बाई रडल्या नाहीत. "चला, उशीर नको," म्हणाल्या. जीपवर स्पीकर बांधला होता. मागे मामा पेटी घेऊन आणि ख्वाजाभाई बेंजो घेऊन बसले. जीप वस्तीतला एक मुलगा हळूहळू हाकत होता. मी आणि विमलताई बाईंच्या बरोबर चालत होतो. मागे वस्तीतली माणसं आणि शाळेतली झाडून सगळी पोरं.

गावाचा मुख्य रस्ता पारावरून जातो. पाराच्या अलीकडे, गल्लीत आडवी, एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्याजवळ चार-पाच माणसं. त्यातला एक, चाळिशीचा, पांढऱ्या शर्टातला, पुढे आला आणि बाईंना नमस्कार केला.

"बाई, ट्रॉली पंक्चर झालीय बगा. तुमी बाहेरच्या रस्त्यानं जा की. उगं त्रास कायच्याला."

ख्वाजाभाईंनी जीपमधून वाकून चाकं बघितली. "चाकं तर टनाटन हायती, भाऊ."

तो माणूस, म्हणजे गोविंदराव, हसला नाही. "बरं, तुमी चालत जा बाई. तुमाला कोण अडवतंय? वाजवायचं तेवढं बंद ठिवा. पारापुढून वाजवत न्हाईत आमच्याकडं. कुणीच वाजवत न्हाई."

पेटीमागून सदाशिवमामा बोलले. "गोविंदराव, दिवाळीनंतर तुमच्या पुतण्याची वरात निघाली तवा मी हितंच पेटी वाजवली. तुमी म्होरं नाचत होता."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. गोविंदरावांचा चेहरा उतरला. "मामा, तुमी आमच्यातले असून..."

"म्हणून तर सांगायलोय."

मग सुशीलाबाई पुढे झाल्या. त्यांचा आवाज वर्गातला होता, न चढवता शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"गोविंद, मी इथं पहिल्या दिवशी आले तेव्हा याच रस्त्यानं आले होते. पारावरची माणसं म्हणाली, चपला हातात घ्या. मी घेतल्या नाहीत. आज जाताना तू म्हणतोस, वाजवू नका. तू माझ्याच वर्गात होतास ना?"

"व्हय बाई."

"मग बाजूला हो."

तो झाला नाही. ही गोष्ट मी सजवून सांगत असते तर तो इथे मान खाली घालून बाजूला झाला असता. तो तिथेच उभा राहिला. बाईंनी एक क्षण वाट बघितली, मग साडी सावरली, ट्रॉली आणि भिंत यांच्या मधल्या फटीत आडव्या शिरल्या आणि पलीकडे निघाल्या. पाठोपाठ पोरं. दप्तरं डोक्यावर धरून, एकेक करून, मांजरासारखी.

जीप पलीकडे जाणार नव्हती. म्हणजे स्पीकर नाही आणि बेंजोही नाही, कारण त्याला वीज लागते. मामा पेटी गळ्यात अडकवायला निघाले, पण त्यांना खाली उतरू न देता दोघेजण जीपच्या फाळक्याला टेकून उभे राहिले. विमलताईंना आवाज नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या काही बोलल्या असत्या तरी ऐकू आलं नसतं, आणि त्यांना बोलायची गरजही नव्हती.

मी ओढणीने ढोलकी कमरेला बांधायला लागले. जवळ उभ्या असलेल्या एकाने विचारलं, "तुमी कुठल्या?"

"नाशिकच्या."

"आडनाव काय?"

या प्रश्नाचा अर्थ मला कळतो. नाशकातही कळतो, तिथे तो फक्त चहा देऊन विचारतात. मी आडनाव सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही. वाचताना तुम्हालाही तो प्रश्न पडला असेल, तर तो तुमच्याचपाशी राहू द्या.

फटीतून पलीकडे गेले आणि हात टाकला.

उघड्या गल्लीत एकटी ढोलकी फार लहान वाटते. मागे सूर नाही, गाणं नाही. मी साधा चालीचा ठेका धरला, पावलांना सोपा जाईल असा. पोरांनी दुसऱ्याच फेरीला टाळ्या धरल्या. या बाबतीत पोरं बाईंची होती, कुठल्या गल्लीतली आहेत याचा त्यांना विसर पडला होता. बाई पुढे, बूट टाकत. पार जवळ आला. माझे हात सुटलेले होते.

बरोबर पारासमोर एकजण आडवा आला. "बंद कर म्हणलं ना!" त्याच्या हातात वेळूची काठी होती. त्याने ढोलकीला मारलं की मला अडवायला काठी पुढे केली, कोण जाणे. टोक उजव्या पुडीत घुसलं. फट् असा आवाज झाला आणि पुडीवरच्या काळ्या शाईला मधोमध चीर गेली.

सगळे थांबले. पोरांच्या टाळ्या थांबल्या. तो माणूसही थांबला, बहुतेक त्यालाही ते अपेक्षित नव्हतं. ढोलकीवाल्या माणसाला पुडी फाटली की पोटचं काही गेल्यासारखं वाटतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं.

मी ढोलकी फिरवली. डावी पुडी शाबूत होती, खर्जाची, जाड आवाजाची. तिच्यावर नाजूक काही वाजत नाही. मी पूर्ण तळवा टाकला. धुम्म. पुन्हा. धुम्म. ठेका नव्हता तो, नुसते ठोके होते. मी त्या माणसाच्या डोळ्यांत बघत वाजवत राहिले. चौथ्या-पाचव्या ठोक्याला सुशीलाबाईंनी टाळी दिली, दोन्ही हात वर करून, पीटीच्या तासाला देतात तशी. पोरांनी ती उचलली. विमलताई माझ्या शेजारी आल्या, त्यांनीही हात वर केले. त्यांचे ओठ हलत होते. कुठलं गाणं होतं ते आम्हा दोघींनाच माहीत.

काही दारं लागली. ती लागताना आवाज करत लागली. पण डाव्या हाताच्या एका घरातून एक बाई बाहेर आली, मूठभर साखर घेऊन. तिने ती सुशीलाबाईंच्या तोंडात घातली, पदराने हात पुसला आणि पारावर बसलेल्या कुणाकडेही न बघता आमच्याबरोबर चालायला लागली. काठीवाला बाजूला झाला होता. तो कधी झाला ते मी बघितलं नाही.

घरी पोचल्यावर बाईंनी बूट काढले आणि ओट्यावर बसल्या. कुणीतरी पाणी दिलं, ते त्यांच्या हातून सांडलं.

"भीती वाटली का हो तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

"खूप."

"मलाही. तिथं दाखवायची नव्हती." मग त्यांनी फाटलेल्या पुडीवरून बोट फिरवलं आणि रडल्या, सकाळपासून राहिलेलं सगळं रडल्या. आम्ही कुणी त्यांना गप्प केलं नाही.

मामा आणि ख्वाजाभाई बाहेरच्या रस्त्याने जीप घेऊन आले. मामांच्या शर्टाचा खिसा फाटलेला होता. "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई. भावकीत चर्चा झाली."

शनिवार दुपारनंतर : येलदरी

येलदरीला धरणाचं पाणी एकदम समोर येतं. काळ्या रानातून, वाळलेल्या पऱ्हाट्यांमधून गाडी चाललेली असते आणि वळणावर नजर पोचेल तिथपर्यंत निळं. आम्ही चौघंही उतरून उभे राहिलो. ख्वाजाभाईंनी तोंड धुतलं, मामांनी पाय बुडवले.

कार्यक्रम एका मच्छीमार कुटुंबात बारशाचा होता. आम्ही दारात उतरलो तेव्हा बाळाची आजी मोबाइल हातात घेऊनच बाहेर आली. त्यात मीच होते, पारासमोर उभी. गल्लीत कुणीतरी काढलेला व्हिडिओ आमच्या आधी पोचला होता.

"हीच ना ती?" आजीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जेव आधी."

जेवणात मासा, तव्यावर लाल मसाल्यात परतलेला, आणि ज्वारीची भाकरी. आमच्याकडे बारशाला गोडाधोडाचं असतं, मासा म्हटलं तर पाहुणे उठून जातील. इथे बाळाच्या आईच्या ताटात सगळ्यांत मोठा तुकडा वाढला गेला आणि तो तिने संपवला की नाही हे तिघीजणी बघत होत्या.

आता वाजवायचं कशावर? एक पुडी फाटकी, दुसरी एकटी. आजीने अंगणाच्या कोपऱ्यातून मासे ठेवायचा निळा प्लॅस्टिकचा टब ओढत आणला, पाण्याने खळाळून धुतला आणि माझ्यापुढे पालथा घातला. "वाजतो का बग."

वाजत होता. मध्ये गडगडायचा आणि काठावर टणक बोलायचा. मी त्याच्यावर पाळणा वाजवला. माझ्या हाताला दुसऱ्या दिवशीपर्यंत माशाचा वास होता. गायला विमलताईंच्या ऐवजी घरातल्या बायका बसल्या, प्रत्येकीला पाळण्याचं एकेक कडवं येत होतं आणि प्रत्येकीचं कडवं वेगळं होतं. भांडण होता होता राहिलं. ख्वाजाभाईंचा बेंजो सगळ्यांची समजूत काढत मागून फिरत होता. बाळ संपूर्ण वेळ झोपलं.

निघताना विमलताईंना सोनपेठहून फोन आला. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून त्यांनी तो माझ्या कानाला लावला. पलीकडून एक तरुण आवाज म्हणत होता, "ताई, जरा वातावरण गरम झालंय म्हणतेत. उद्याचं कसं करायचं?"

मी विमलताईंना सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि घशातून खरवडून दोनच शब्द काढले. "यायलोत आमी."

रविवार : सोनपेठ

सकाळी परभणीत ख्वाजाभाईंनी मला एका बोळात नेलं. तिथे त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे चाचा दुकानाच्या पायरीवर बसून वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी चीर बघितली, बोट घालून बघितलं. "किने फाडा?"

ख्वाजाभाईंनी सांगितलं. चाचांनी नवी पुडी चढवली, ताणली, ठोकली, पुन्हा ताणली. दुपार होत आली. देताना म्हणाले, "नवी हाय. चार दिवस दमानं घ्या."

"चार दिवस नाहीत माझ्याकडे. संध्याकाळी वाजवायचंय."

"तर मग वाजवा," ते म्हणाले आणि पुढचं काम हातात घेतलं.

सोनपेठला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाजारातून जाताना ढीगभर हरभऱ्याच्या हिरव्या पेंढ्या दिसल्या, मामांनी एक घेतली आणि आम्ही सोलत, टरफलं खिडकीतून टाकत गेलो. कार्यक्रम एका अभ्यासिकेच्या उद्घाटनाचा होता. वस्तीतल्या मुलामुलींना अभ्यासाला बसायला जागा नव्हती, म्हणून तरुणांनी मिळून दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. कालचा फोन ज्याचा होता तो प्रशांत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, चांगला मुलगा. त्याने आम्हाला चहा दिला आणि मला बाजूला घेतलं.

"ताई, राग मानू नका. गावातल्या दोघा-तिघांचा फोन आलता. ती व्हिडिओतली ढोलकीवाली स्टेजवर नको म्हणून. आमाला हितं अभ्यासिका चालवायचीय. भांडण नकोय. आमच्याकडं एकजण वाजवणारा हाय. तुमी पुढच्या रांगेत बसा, आमी शाल-नारळ देऊन तुमचा सत्कार करूत."

मी विमलताईंकडे बघितलं. त्यांच्या घशातून सकाळपासून थोडा आवाज यायला लागला होता, फाटका, पुरुषी. त्या म्हणाल्या, "तुझी ढोलकी हाय. तू सांग."

प्रशांतला भीती होती हे मला दिसत होतं, आणि आदल्या दिवशी मलाही होती. पण शाल अंगावर घेऊन मी पुढच्या रांगेत बसले असते, तर काल गल्लीत जे झालं ते त्या काठीवाल्याच्या दृष्टीने न झाल्यासारखंच ठरलं असतं.

"प्रशांत," मी म्हणाले, "कार्यक्रम तुमचा आहे. मी वाजवू नये असं तुम्हाला वाटत असेल तर मी नाही वाजवणार. पण ते मला असं बाजूला घेऊन सांगू नका. स्टेजवर जा, माइक घ्या आणि सगळ्यांना सांगा की ही बाई आज वाजवणार नाही. का वाजवणार नाही तेही सांगा. कुणाचे फोन आले तेही सांगा. मग मी शाल घेते."

त्याने मंडपाकडे बघितलं. तिथे पुढच्या ओळीत त्याची आई बसली होती, त्याच्या बहिणी बसल्या होत्या, वह्या मांडीवर घेऊन मुली बसल्या होत्या.

"हे मला सांगता यायचं न्हाई," तो म्हणाला.

"मग?"

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि स्वतः स्टेजवर नेऊन ठेवली. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "आता येऊ द्या कुणाला यायचंय त्याला," म्हणाला आणि मंडपाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या शेजारी आणखी काही पोरं जाऊन उभी राहिली.

कुणी आलं नाही. बाहेरून दोन मोटरसायकली हॉर्न वाजवत तीनदा गेल्या, एवढंच.

विमलताईंनी पहिली ओळ लावली आणि आवाज तिथेच तडकला. त्या थांबल्या नाहीत. तडकलेल्या आवाजातच दुसरी ओळ म्हटली, आणि तिसरी म्हणताना मंडपातल्या बायकांनी ती त्यांच्याकडून घेतली. पुढचं सगळं गाणं मंडपाने गायलं. विमलताई फक्त हात वर करून पुढचा शब्द दाखवत होत्या. मामा पेटीवर डोळे मिटून. नवी पुडी करकरीत होती, माझ्या बोटांना चावत होती. मी तिला दमानं घेतलं नाही. मधेच ठेक्याची एक चक्कर घेतली, ती लांबवली, मग आणखी लांबवली. खरं तर गाण्याला तिची गरज नव्हती. मला होती. वह्या घेऊन बसलेल्या मुलींपैकी एक उठून स्टेजच्या कडेला आली आणि माझ्या बोटांकडे बघत राहिली. "वाजवायचंय?" मी मान हलवून विचारलं. तिने मान हलवली. कार्यक्रम संपल्यावर अभ्यासिकेच्या पायरीवर मी तिला पहिले दोन बोल दिले. तिला ते नीट आले नाहीत. मलाही पहिल्या दिवशी आले नव्हते.

नाशकात परतून आता महिना होत आला. "काय होतं मग परभणीला?" लोक विचारतात. मी हुरड्याबद्दल सांगते, येलदरीच्या पाण्याबद्दल सांगते. बाकीचं सांगायला लागले की काहीजण विषय बदलतात. मी बदलू देत नाही, म्हणून हे लिहून काढलं.

परवा सुशीलाबाईंचा फोन आला. तब्येत, पाऊसपाणी, निवृत्तीनंतर वेळ जात नाही, अशा गप्पा झाल्या. गोविंदराव समोर आला की नमस्कार करतो, पण बोलत नाही. साखर घेऊन आलेली ती बाई पंधरा दिवस माहेरी जाऊन राहिली होती, आता परत आली आहे आणि बाईंच्या घरी दळण घेऊन येते. मग त्या मुद्द्यावर आल्या.

"मे महिन्यात आमच्या वस्तीत एक लग्न आहे. वरात काढायची म्हणतात पोरं. विमलताई येणारच आहेत. तुम्ही एवढ्या लांबून याल का?"

"कुठल्या रस्त्यानं काढणार?" मी विचारलं.

"त्याच."

"येते," मी म्हणाले.